वाचवलेलं वर्ष

तुम्ही माझ्या पोरीचे पाच महिने बावीस दिवस खाल्लेत. खाल्लेत ते खाल्लेत, वर पत्र पाठवून ढेकर दिलीत. पत्राखाली नाव नाही, सही नाही, नुसता शिक्का. तुम्ही बाई आहात की बाप्या, तुम्हाला मुलंबाळं आहेत की नाहीत, काही कळायला मार्ग नाही. तुम्ही लिहिता, अर्जदार मुलीचा या देशात कायम राहण्याचा इरादा दिसतो, म्हणून तिला विद्यार्थी म्हणून राहता येणार नाही. अहो, ती इथे आली तेव्हा तिला नीट शेंबूड पुसता येत नव्हता. तिचे दुधाचे दात इथे पडले. तिने इथे राहायचा इरादा धरायचा नाही तर काय चंद्रावर राहायचा धरायचा? लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? उल्हास हे सगळं मनातल्या मनात म्हणत होता, दातओठ खात म्हणत होता, आणि तोंडाने शेजारी बसलेल्या स्वानंदीला विचारत होता, "चहा ओतू का थर्मासमधला?"

"बाबा, तू ड्राइव्ह करतोयस. मागे चार टनांचा ट्रेलर आहे. डोन्ट पोअर टी."

चहा राहिला. गाडी युमाच्या पुढे आली होती, नदी ओलांडून कॅलिफोर्नियात शिरली होती. आता थोड्या वेळात उजव्या हाताला वाळूचे डोंगर दिसायला लागतील, हे त्याला पाठ होतं. ॲरिझोनातल्या चँडलरहून सकाळी सहाला निघाले तेव्हापासून हे उत्तराचं पत्र त्याच्या डोक्यात चालू होतं. खरं म्हणजे निघाल्यापासून नव्हे, तीन आठवडे. कारखान्यात पांढरा बंद पोशाख घालून, तोंडावर मास्क लावून तो यंत्रांसमोर उभा राहायचा तेव्हा त्याचे ओठ मास्कच्या आत हलायचे. एक दिवस शेजारच्या मशीनवरचा शिव त्याला म्हणाला होता, "उल्हासदादा, मंत्र पुटपुटता का काय?" तो हसला होता. सतरा वर्षांत या देशात तो कुणावर मोठ्याने ओरडला नव्हता. वेगाच्या पाटीवर पासष्ट असेल तर त्याचा काटा चौसष्टवर असे. कचऱ्याच्या डब्याचं झाकण दोन इंच उघडं राहिलं म्हणून सोसायटीची नोटीस आली, तर त्याने माफीचं पत्र लिहिलं होतं. नुसतं झाकण लावून भागलं असतं. त्याच्या बायकोने, सुमेधाने, ते पत्र वाचून कपाळावर हात मारला होता. "अरे, कचऱ्याच्या डब्याची माफी? उद्या त्यांनी सांगितलं की श्वास मोठ्याने घेता, तर?" तर मी हळू घेईन, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. पण घेतला असता.

शनिवारी संध्याकाळी स्वानंदीचं विमान होतं. फिनिक्सहून निघायचं, दोन ठिकाणी बदलायचं आणि पुण्यात उतरायचं. संध्यामावशी तिला घ्यायला येणार होती. पुण्याबद्दल स्वानंदीला जी काही माहिती होती ती दर तीन वर्षांनी तीन आठवडे, तीही डिसेंबरात, लग्नकार्यातली. कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धं झालं होतं ते तसंच राहणार. शनिवारच्या आधी एकदा वाळूत जायचं, हे तिनेच सांगितलं. दर हिवाळ्यात ते यायचे, पण आत झोपायची-रांधायची सोय असलेला हा ट्रेलर कायम कडेच्या टणक जागेवर, शे-दोनशे गाड्यांच्या रांगेत उभा करायचे. पहिल्या टेकडीच्या पलीकडे, जिथे रांग नाही, दुसऱ्याचा जनरेटर नाही, तिथे एकदा तरी ट्रेलर न्यायचा, असं ती दोन वर्षं म्हणत होती, आणि उल्हास दोन वर्षं पुढच्या वेळी म्हणत होता. ट्रेलरच्या अंगावर मोठ्या नारिंगी अक्षरांत लिहिलेलं होतं की हा कुठेही जाऊ शकतो. तो आजवर फक्त डांबरावर गेला होता. सतरा वर्षांत उल्हासने घर घेतलं नाही, कारण कधी जायला सांगतील याचा नेम नाही. त्याऐवजी त्याने हे घेतलं. मंडळाच्या गणपतीत सुमंत नावाचा एक जोशी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "लोक अमेरिकेत येऊन बंगला बांधतात, आमच्या उल्हासरावांनी बिऱ्हाड चाकांवर ठेवलंय." सगळे हसले होते. उल्हाससुद्धा.

सुमेधा आली नाही. आदल्या रात्री तीन उघड्या बॅगा आणि वजनकाटा यांच्या मधोमध जमिनीवर बसून ती म्हणाली होती, "तुम्ही दोघं जा. आणि सांगितल्याशिवाय परत येऊ नकोस. तुझ्याच्याने नाही झालं तर मी सांगीन. मग माझ्या तोंडून ऐकताना तिचं तोंड कसं होतं ते तू बघत बस." ती रडत नव्हती. स्वानंदीचे स्वेटर ती एकेक उचलून काट्यावर ठेवत होती आणि परत काढत होती. पुण्यात स्वेटर लागत नाहीत हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. आज एकोणीस नोव्हेंबर. आज तू एकवीस वर्षांची झालीस. एवढंच.

पण तुमच्या दफ्तरात, तिच्या पासपोर्टात, तिच्या लायसन्सवर ती अठ्ठावीस मेलाच एकवीस वर्षांची होऊन बसली होती. मुलगी एकवीसची झाली की आईबापाच्या कायम राहण्याच्या अर्जातून तिचं नाव गळतं. बारा वर्षं हा अर्ज रांगेत होता. महिन्याच्या महिन्याला तारखांचं पत्रक निघायचं आणि उल्हास ते लोक निकाल बघतात तसं बघायचा. कधी तारीख दोन आठवडे पुढे सरकायची, कधी एकदम वर्षभर मागे यायची, कधी काहीच नाही. आणि ती आली, या ऑक्टोबरात आली. उल्हासची आली, सुमेधाची आली. स्वानंदी कागदावर चार महिन्यांनी मोठी निघाली. हाडामांसाची स्वानंदी त्या दिवशी वीस वर्षांची होती. रांगेत उभी होती, तिचा नंबर आला होता आणि खिडकी उघडी होती.

आणि कागदावरची तारीख उल्हासने स्वतः घातली होती. इथे येऊन त्याचं मनातलं पत्र दर वेळी अडकायचं, आणि मग तो परत पहिल्या वाक्यापासून सुरू करायचा.

वाशिमला, सुमेधाच्या माहेरी, घरातच बाळंतपण झालं. नगरपालिकेत नोंद करायला तो गेला तो एक महिन्याने, डिसेंबरात. शाळेची वयाची अट मेअखेरची होती, पोर सहा महिने उशिरा जन्मली म्हणजे तिचं एक अख्खं वर्ष जाणार, हे त्याने बसस्टँडपासून नगरपालिकेपर्यंत चालता चालता ठरवलं होतं. ठरवलं म्हणणंही जास्त होईल. त्याच्या घरात हे असंच चालत आलेलं. त्याची स्वतःची तारीख गुरुजींनी एक जून टाकली होती, त्याच्या भावाची तीच, बहिणीची तीच. त्याच्या टीममध्ये नऊ भारतीय होते आणि त्यातल्या चौघांचा वाढदिवस एक जूनला. त्यांची मॅनेजरीण दरवर्षी एकच केक आणायची आणि डोळा मारून विचारायची की नऊ महिने आधी, सप्टेंबरमध्ये, तुमच्याकडे असतं तरी काय? तिला कोण सांगणार! एक वर्ष वाचवायचं. एक वर्ष आधी शाळा, एक वर्ष आधी डिग्री, एक वर्ष आधी नोकरी, एक वर्ष आधी हा देश. बापाने पोराला जमीनजुमला दिला नाही तरी हे एक वर्ष द्यायचं, ते फुकटात मिळतं, असं त्याला वाटत आलं होतं. नगरपालिकेतल्या कारकुनाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं होतं. "साहेब, तुम्ही म्हणता अठ्ठावीस मे. म्हणजे पोरगी सात महिन्यांची. मग काल तुमचे सासरे महिन्याच्या बारशाचे पेढे कशाचे वाटत होते?" उल्हास ओशाळून हसला होता. कारकूनही हसला आणि त्याने लिहिलं. सोपं होतं ते. इतकं सोपं की त्या दिवशी नंतर काय जेवलो, कुठे गेलो हे त्याला आठवतं, पण लिहिताना पेनाची शाई कुठली होती ते आठवत नाही. सुमेधा मात्र बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली होती, "माझ्या पोटातून कधी बाहेर आली ते मला माहीत आहे ना." आणि तो म्हणाला होता, "कागदाला माहीत असण्याशी मतलब." दरवर्षी नोव्हेंबरात सुमेधा कणकेचे दिवे करून स्वानंदीला ओवाळायची. पोरीने विचारलं की सांगायची, हा तिथीने वाढदिवस. मेमधल्या मुलीची तिथी नोव्हेंबरात कशी येईल, हे विचारण्याइतकं मराठी पंचांग त्या पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं. आज सकाळीही सहाच्या आधी, बूट घातलेल्या मुलीला स्वयंपाकघरात उभं करून सुमेधाने ओवाळलं होतं. "मॉम, वी आर लेट," असं म्हणत स्वानंदीने मान खाली घातली होती आणि कुंकू लावून घेतलं होतं. ते अजून तिच्या कपाळावर होतं, अर्धं पुसलेलं.

डांबर संपलं तिथे त्याने गाडी थांबवली. समोर वाळू होती, फिकट पिवळी, जिथे ऊन तिरपं पडत होतं तिथे जवळजवळ गुलाबी. तो उतरला आणि गाडीच्या चारी चाकांची हवा सोडायला लागला. वाळूत जाताना हवा कमी करायची असते. चाक पसरतं, वाळूवर तरंगतं. एवढं त्याने वाचलं होतं. हवेचा दाब पासष्ट पौंडांवरून वीसवर आणायला चाकामागे चार-पाच मिनिटं लागत होती. स्वानंदी मागे ट्रेलरच्या चाकाजवळ वाकून बसली.

"बाबा, याची पण सोड. तीसवर आण."

"त्याची नाही. स्टिकर बघ. ऐंशी लिहिलंय."

"ते हायवेसाठी आहे."

"हायवेसाठी असं लिहिलेलं नाही. ऐंशी लिहिलंय."

"सीरियसली? तू गाडीची सोडलीस ना? तिच्यावर पण स्टिकर आहे."

"गाडीच्या पुस्तकात दिलंय, वाळूत कमी करा म्हणून. ट्रेलरच्या पुस्तकात दिलेलं नाही. उद्या टायर फुटला तर कंपनी म्हणेल..."

"कंपनी काही म्हणणार नाही, बाबा. इथे कंपनी नाहीये. इथे तू आहेस, मी आहे आणि वाळू आहे." मग ती हसली. "यू अँड युवर स्टिकर्स. ओके. युवर ट्रेलर, युवर फ्युनरल."

पहिले दोनशे फूट फार सुंदर गेले. गाडी होडीसारखी डुलत होती, इंजिन खालच्या गिअरमध्ये एकसुरी घुमत होतं. स्वानंदीने काच खाली करून हात बाहेर काढला होता. उल्हासला एकाएकी वाटलं की सांगता येईल, इथेच, या लयीत, समोर बघत सांगता येईल. मग चढ लागला आणि मागून कुणीतरी कमरेला धरून ओढावं तशी गाडी जड झाली. आरशात दिसलं, ट्रेलरची टणक, फुगलेली चाकं वाळू कापत खाली चालली होती, नांगरासारखी, मागे दोन खोल चर पाडत. स्वानंदी ओरडली, "थांबू नकोस, ब्रेक नको, पाय हळूच उचल!" आणि त्याने ब्रेक दाबला. काही बिघडलं की थांबायचं, हात वर करायचे आणि कुणी येऊन सांगेपर्यंत हलायचं नाही, हे त्याच्या पायातच मुरलेलं होतं. मग घाबरून त्याने ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगरली. ट्रेलर आसापर्यंत खाली बसला, जेवून उठता न येणाऱ्या माणसासारखा.

इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता झाली की वाळू घसरल्याचा आवाज आला.

स्वानंदीने मागून दोन फावडी काढली, एक त्याच्याकडे फेकलं आणि ट्रेलरच्या चाकापुढे गुडघ्यांवर बसून उपसायला लागली. तोही बसला. वर ऊन होतं आणि हातभर खाली वाळू थंडगार होती. एवढी काढावी तर तेवढी कडेने परत आत येत होती. पाच वर्षांची असताना ती बाथरूममध्ये टबातलं पाणी मगने बाहेर काढत बसली होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, समुद्र रिकामा करते. त्या वेळी ती पाचची होती की साडेचारची? तिच्या प्रत्येक आठवणीला त्याच्या मनात दोन वयं होती. पहिलं पाऊल, पहिली सायकल, शाळेत पहिल्या दिवशी ती सगळ्यांत बुटकी होती आणि बाई म्हणाली होती की ती थोडी लहान वाटते, आणि तो छाती फुगवून म्हणाला होता की शी इज व्हेरी स्मार्ट फॉर हर एज. सगळ्यांत बुटकी पोर. वर्गातल्या मुली मोठ्या व्हायच्या आणि ती घरी येऊन रडायची की मीच का अशी मागे. त्यानेही तिला समजावलं होतं. प्रत्येकाची वेळ असते, असं काहीतरी.

एक म्हातारा वाळूतल्या उघड्या बग्गीतून खडखडत आला, गॉगल वर केला आणि विचारलं, ओढून देऊ का? "नो, नो, वी आर गुड, थँक यू सो मच," उल्हास उभा राहून, हात झटकत, हसून म्हणाला. म्हाताऱ्याने आसापर्यंत गाडलेल्या ट्रेलरकडे पाहिलं, खांदे उडवले आणि गेला.

"वी आर गुड," स्वानंदी फावडं थांबवून म्हणाली. "बाबा, ऑनेस्टली. विच पार्ट?"

तिने मग त्याला न विचारता ट्रेलरच्या चारी चाकांची हवा सोडली. एकेका चाकातून फुस्स करून ऐंशी निघून जात होती आणि तो बघत उभा राहिला. स्टिकर तिथेच होता, त्याच्या नाकासमोर. चाकं पसरली, पोटं सुटल्यासारखी मऊ झाली. वाळूवर टाकायच्या प्लॅस्टिकच्या खडबडीत पट्ट्या तिने चाकांपुढे ठोकून बसवल्या. नखांत वाळू, केसांत वाळू, कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं. पंधरा वर्षं नुसती शाळा-कॉलेज करत आलेली पोरगी हे कुठे शिकली, कुणाबरोबर, त्याला माहीत नव्हतं. इथलं आयुष्य त्याच्यापेक्षा जास्त तिचं होतं, आणि शनिवारी ते बॅगेत मावणार नव्हतं.

"मी चालवते," ती म्हणाली. "तू मागे उभा राहा. चाकं पट्टीवर चढली का ते सांग. मी इथून बघू शकत नाही."

ट्रेलर मागे घेताना ते नेहमी तसंच करायचे. एक जण स्टिअरिंगवर, एक जण मागे, दोघांच्या हातात छोटे रेडिओ. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. तो ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. मध्ये चोवीस फुटांची पांढरी भिंत. ती दिसत नव्हती. डाव्या बाजूच्या लांब आरशात फक्त तिची हनुवटी आणि स्टिअरिंगवरचा एक हात दिसत होता. इंजिन सुरू झालं. रेडिओ खरखरला.

"जाऊ का?"

चल म्हणायचं होतं. नुसतं चल. त्याने बटण दाबलं आणि अंगठा तसाच राहिला. तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्याला ते सुचलं असावं; समोरासमोर त्याला ते जन्मात जमलं नसतं.

"स्वानंदी, तुझा वाढदिवस आज आहे."

"काय?"

"आज. एकोणीस नोव्हेंबर. मेमधला खोटा आहे. मी लिहिला तो. शाळेसाठी. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. आईचा काही दोष नाही, ती नको म्हणत होती." त्याने बटण सोडलं. त्याने परत दाबलं. "सगळेच करायचे तसं. माझाही खोटाच आहे." हे कशाला म्हणालो, असं त्याला लगेच वाटलं.

इंजिन चालूच होतं. आरशातली हनुवटी हलत नव्हती. हिशेब करायला तिला किती वेळ लागणार. ती लहानपणापासून गणितात त्याच्या पुढे. तारखांचं पत्रक तिलाही पाठ होतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर. वीस, एकवीस.

"सो ऑक्टोबरमध्ये मी ट्वेंटी होते."

"हो."

"आय वॉज ट्वेंटी. आय वॉज इन."

"हो."

उल्हासला वाटलं आता ती उतरेल, येईल, फावडं फेकून मारेल. ते बरं झालं असतं. त्याऐवजी त्याच्या डोक्यात तो सोमवार आला, जो कधी उजाडलाच नाही. ऑक्टोबरातला शुक्रवार होता. तो कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वकीलबाईंशी फोनवर बोलत होता. त्या म्हणाल्या की एक रस्ता आहे, अरुंद आहे. जुने पुरावे आणा, त्या वेळच्या माणसांचे जबाब आणा, चूक कबूल करा. कदाचित मुलीला घेतील. कदाचित तिघांचीही फाईल उघडतील आणि तुमच्या दोघांचं हाताशी आलेलंही जाईल. खात्री देता येत नाही. सोमवारपर्यंत विचार करा, घरी बोला. उल्हासने घरी काही सांगितलं नव्हतं. सुमेधाला म्हणाला होता, विचारलं, काही होण्यासारखं नाही. आणि वकीलबाईंना त्याने अकरा मिनिटांनी निरोप पाठवला होता: राहू द्या. अकरा मिनिटं. पार्किंगमधून निघून आत जायला, बूट बदलायला, पांढरा पोशाख चढवायला लागतात तेवढी. बायकोसाठी केलं, असं तो स्वतःला सांगत आला. पुण्याला गेल्यावर पोरगी शिकेल, तरुण आहे, आपलं वय झालंय, असंही सांगत आला. तुमच्या नावाने शिव्या घालत आला. पण त्या अकरा मिनिटांत तुम्ही कुठेच नव्हतात. गाडीत तो एकटा होता, काचा वर होत्या आणि त्याला सतरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं होतं की आता मला कुणी जा म्हणणार नाही. ते वाटणं गोड होतं. ते त्याला सोडवेना.

रेडिओ खरखरला. रागावली की ती इंग्रजीत जायची, इतक्या भराभर की सुमेधाला कळायचं नाही. आता ती मराठीत बोलत होती, एकेक शब्द वेगळा ठेवून, जसं लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत वाचायची.

"बाबा, तू वकिलाला हे सांगितलं होतंस?"

त्याने बटण दाबलं. "हो."

"कधी?"

"ऑक्टोबरात."

"ती काय म्हणाली?"

आरशात आता हनुवटी नव्हती. ती वळली होती. आरशाच्या कडेला तिचा एक डोळा होता, आणि तो थेट त्याच्याकडे बघत होता. त्याच्या हातातल्या रेडिओवर वाळू चिकटली होती. त्याने ती अंगठ्याने पुसली. परत पुसली.

"काही करता आलं असतं का? हो की नाही, एवढंच सांग." तिचा आवाज इथे फुटला, पण तिने बटण सोडलं नाही, श्वास ऐकू येत होता. "आणि असेल, तर मला का विचारलं नाहीस? मी घरातच होते. वरच्या खोलीत होते. बाबा, मी तुझ्याशी बोलतेय. उत्तर दे."